जयप्रभा: एका स्टुडिओच्या वास्तूची गोष्ट



दिवाबत्ती झाली, भाकरी झाली की आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात टीव्ही लागतो. मालिकेतला वाडा, तिथली ओसरी, दारातली तुळस आपल्याला ओळखीची वाटते. पण ती ओसरी कुणीतरी कुठेतरी उभी केलेली असते. सुताराने फळ्या ठोकलेल्या असतात, रंगाऱ्याने भिंत रंगवलेली असते, वर दिवे टांगलेले असतात. हे सगळे जिथे चालते त्या जागेला स्टुडिओ म्हणतात. आज आम्ही तुम्हाला अशाच एका स्टुडिओची गोष्ट सांगणार आहोत. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला जयप्रभा स्टुडिओ. टीव्ही आपल्या घरात यायच्या कितीतरी आधी तो उभा राहिला, आणि टीव्ही घरोघर पोचला तेव्हा तो मुका होत चालला होता.

तुम्ही म्हणाल, शहरातल्या स्टुडिओशी आपल्या बचत गटाचे काय? सांगतो. वारसा म्हटले की आपल्याला आठवतो सातबारा आणि त्यावर लागणारी वारस नोंद. या स्टुडिओच्या गोष्टीत वारसा हाच शब्द दोन अर्थांनी येतो. एक कागदावरचा, मालकीचा. दुसरा त्या जागेत राबलेल्या माणसांचा. या दोघांची गाठ पडते तेव्हा काय होते, हे कळायला आधी थोडे मागे जावे लागेल.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. त्यात राणी तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडे नेसून केले, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. त्यानंतर काही वर्षांतच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. बाबूराव हे मूळचे मेस्त्री घराण्यातले, हाताचे मोठे कसबी. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी चित्रपटाचा कॅमेराच घडवला. कोल्हापुरात खरी कॉर्नरला जो कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो त्याची आठवण म्हणून.

पण नुसत्या कॅमेऱ्याने कंपनी उभी राहात नाही, त्याला भांडवल लागते. ते भांडवल दिले एका बाईने. तानीबाई कागलकर त्यांचे नाव. त्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, नावाजलेल्या गायिका. गाऊन मिळवलेला पैसा त्यांनी बाबूरावांच्या हाती ठेवला. त्यातून १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट आला. लोकमान्य टिळकांनी तो पाहिला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. या चित्रपटात बायांची कामे बायांनीच केली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई अशी त्या दोघींची नावे. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी होती. चित्रपटात काम करणे हे त्या काळी घरंदाज बाईला शोभणारे मानत नसत. तरी या दोघी उभ्या राहिल्या. बाबूरावांचे नाव शाळेच्या पुस्तकात येते. पैसा देणारी तानीबाई आणि तोंड दाखवणाऱ्या या दोघी सहसा येत नाहीत, म्हणून आम्ही त्यांची नावे आधी घेतली.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी पुढे वेगळी झाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि त्यांच्या बरोबर सराफ सीताराम कुलकर्णी यांनी १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आणला. गोष्ट हरिश्चंद्राचीच. पण या वेळी तारामती झाली दुर्गा खोटे, मुंबईच्या शिकल्यासवरल्या घरातली बाई. साळुंक्यांच्या तारामतीपासून दुर्गाबाईंच्या तारामतीपर्यंत एकोणीस वर्षे गेली, आणि त्या वाटेचा मोठा पल्ला कोल्हापुरात चालला गेला.

१९३३ साली प्रभातने कोल्हापूर सोडले आणि पुण्याला मोठा स्टुडिओ बांधला. तयार झालेली माणसे, हाताला आलेले काम पुण्याला गेले. कोल्हापूरची कला कोल्हापुरात राहावी म्हणून छत्रपती राजाराम महाराजांनी त्याच वर्षी कोल्हापूर सिनेटोन उभे केले. आज आपण ज्याला जयप्रभा म्हणतो, ती वास्तू म्हणजे हेच कोल्हापूर सिनेटोन.

बोलपटाचा स्टुडिओ म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. मुके चित्रपट उन्हाच्या उजेडात काढत. वर पांढरे कापड ताणले की काम भागे, बाजूने टांगा गेला तरी बिघडत नसे. आवाज आला आणि सगळे बदलले. कावळा ओरडला, गिरणीचा भोंगा वाजला की तो फिल्मवर उमटणार. म्हणून उंच छपराची, जाड भिंतींची, दारे घट्ट लागणारी मोठी खोली लागली. आत ऊन नाही, म्हणून मोठाले दिवे आले. दिव्यांच्या धगीत नटनट्या घामाघूम होत. शेजारी फिल्म धुवायची अंधारी खोली, शिंप्यांची खोली, सुतारकाम, रंगकाम, घोड्यांची पागा, जेवणाचा कोठा. एक स्टुडिओ म्हणजे एक वाडीच. शंभर प्रकारच्या हातांना तिथे काम असे.

सिनेटोनचा पहिला चित्रपट १९३४ साली भालजी पेंढारकरांनी काढला. त्याचे नाव होते ‘आकाशवाणी’. आम्ही रेडिओवर बोलणाऱ्या, म्हणून हे नाव आम्हाला विशेष गोड वाटते. दुसऱ्याच वर्षी मास्टर विनायकांनी इथे ‘विलासी ईश्वर’ काढला. त्यातून शोभना समर्थ पडद्यावर आल्या. नूतन आणि तनुजा या त्यांच्या मुली, काजोल ही नात. टीव्हीवर काजोलचा चित्रपट लागला तर पोरींना सांगा, हिच्या आजीचे पहिले पाऊल कोल्हापुरात पडले.

त्याच काळात कोल्हापुरात दुसरा एक स्टुडिओ उभा राहिला, शालिनी सिनेटोन. तो काढण्यात पुढाकार होता अक्कासाहेब महाराजांचा. त्या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या. राजघराण्यातली बाई स्टुडिओ काढते, बाबूराव पेंटरांना बोलावून घेते आणि चित्रपट करवते, ही गोष्ट १९३० नंतरच्या दहा वर्षांतली आहे. बाबूरावांनी आपला गाजलेला मुका चित्रपट ‘सावकारी पाश’ इथे १९३६ साली बोलपट म्हणून पुन्हा काढला. कर्जापायी शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते, अशी ती गोष्ट. आपल्या आज्यांना ती गोष्ट कुणी समजावून सांगावी लागली नसणार.

पुढे १९४० नंतरच्या काळात सिनेटोनचा स्टुडिओ भालजींकडे आला आणि त्याचे नाव झाले जयप्रभा. जागा मोठी होती, सुमारे तेरा एकर. ही जागा चित्रपटाच्याच कामाला वापरायची, या अटीवर महाराजांनी ती दिली, असे कोल्हापूरची जुनी माणसे सांगत आली आहेत. ही अट ध्यानात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

भालजींना सगळे बाबा म्हणत. जयप्रभात माणसे नोकरीला येत आणि घरच्यासारखी राहात. १९४६ सालच्या ‘वाल्मिकी’त पृथ्वीराज कपूर वाल्मिकी झाले आणि त्यांचा मुलगा राज कपूर नारद झाला. पण आम्हाला सांगायची आहे ती दुसरीच. निपाणीजवळच्या खडकलाट गावची रंगू नावाची एक पोरगी. शिक्षण फारसे नाही, बोली आपल्यासारखी गावाकडची. १९४३ च्या सुमारास ती कोल्हापूरच्या चित्रपटात आली. भालजींनी तिला नाव दिले सुलोचना, आणि भाषा, उच्चार, उभे राहणे, सगळे शिकवले. तीच पुढे आपली सुलोचनादीदी. ‘मराठा तितुका मेळवावा’ मधली जिजाऊ आठवते ना? ती. हिंदीत कितीतरी नायकांची आई झाली ती. २०२३ च्या जूनमध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. स्टुडिओ हा खडकलाटच्या पोरीला शाळा झाला, हे त्या वास्तूचे एक मोठे काम.

आता गोष्टीतला वाईट भाग. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारणारा ब्राह्मण होता, म्हणून आपल्या भागात जमावाने ब्राह्मणांची घरे, दुकाने, वाडे पेटवले. ज्यांचा त्या खुनाशी काही संबंध नव्हता त्यांचेही संसार जळाले. जयप्रभा स्टुडिओही जाळला गेला. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, ठिणगी पडली की कापरासारखी पेटे. वर्षानुवर्षांचे काम, यंत्रे, कपडे, सगळे राख झाले. आणि त्याबरोबर तिथे राबणाऱ्या सुतार, रंगारी, शिंपी, पागेवाल्यांची चूलही विझली. ती माणसे सगळ्या जातींची होती. पेटवणाऱ्याला वाटते आपण एकाचे घर जाळतो, जळते ते पुष्कळांचे.

भालजी तेव्हा पन्नाशीचे होते. त्यांनी स्टुडिओ पुन्हा उभा केला. १९४९ साली ‘मीठभाकर’ आला, १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ आला. पण उभारणी कर्जावर झाली. चित्रपटाचा धंदा आपल्या कोरडवाहू शेतीसारखा, एखादे साल पिकते, दोन साले जातात. कर्ज वाढत गेले आणि स्टुडिओवर लिलावाची पाळी आली.

तेव्हा, १९५९ च्या सुमारास, तो विकत घेतला लता मंगेशकरांनी. लताबाईंचे आणि कोल्हापूरचे नाते जुने. १९४२ साली वडील दीनानाथ गेले. घरात आई आणि लहान भावंडे, थोरली हीच, बारा-तेरा वर्षांची. मास्टर विनायकांनी तिला आधार दिला, त्यांच्या कंपनीबरोबर ती कोल्हापुरात राहिली, ‘माझे बाळ’, ‘गजाभाऊ’ अशा चित्रपटांतून लहानसहान कामे केली. घर चालवायला तोंडाला रंग लावून उभी राहिलेली ती पोरगी, सतरा वर्षांनी त्याच शहरातल्या स्टुडिओची मालकीण झाली. ही गोष्टही आपल्या पोरींना सांगण्याजोगी आहे.

मालकी बदलली, पण भालजी तिथेच चित्रपट काढत राहिले. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ हे चित्रपट त्यानंतरचे. या चारही चित्रपटांचे संगीत ‘आनंदघन’ या नावाने लागले. आनंदघन म्हणजे लताबाईच. गाणारी बाई सगळ्यांना ठाऊक, पण चाली बांधणारी बाई म्हटल्यावर लोक काय म्हणतील, कोण जाणे. त्यांनी टोपणनाव घेतले. ‘साधी माणसं’त गावातला लोहार आणि त्याची बायको शहरात पोट भरायला जातात. जयश्री गडकरांनी ती लोहारीण केली आहे. कधी पाहायला मिळाला तर गटाने मिळून पाहा.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. हळूहळू चित्रपटाचे सगळे काम मुंबईकडे ओढले गेले. रंगीत फिल्म धुवायची तर मुंबई, पैसा घालणारा शेठ मुंबईत, नटनट्या मुंबईत. १९७७ साली सरकारची चित्रनगरीही गोरेगावला झाली. जयप्रभातले काम कमी कमी होत गेले. १९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार भालजींना मिळाला, आणि १९९४ साली ते गेले. लताबाईंना तोच पुरस्कार १९८९ सालचा मिळाला होता. एका वास्तूच्या दोन मालकांना देशातला चित्रपटाचा सगळ्यात मोठा मान मिळाला, आणि वास्तू मात्र गप्प.

तेरा एकरांपैकी बरीच जागा विकली गेली, तिथे घरे झाली. स्टुडिओची वास्तू आणि भोवतीची थोडी जागा तेवढी उरली. महापालिकेच्या वारसा यादीत तिचे नाव आहे. या यादीत नाव असले म्हणजे परवानगीशिवाय वास्तू पाडता येत नाही. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई गेल्या. त्याच महिन्यात लोकांना कळले की उरलेली जागा दोन वर्षांपूर्वीच विकली गेली आहे. कोल्हापूरची चित्रपटातली मंडळी रस्त्यावर आली, स्टुडिओच्या दारात साखळी उपोषणाला बसली. ही जागा चित्रपटासाठीच राहिली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

या भांडणात एका बाजूला उभे राहून दुसरीला नावे ठेवणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. ज्याने रोख पैसे मोजून जागा घेतली, कर भरला, त्याचा हक्क खोटा कसा म्हणायचा? आपलीच शेती कुणी येऊन म्हणाले, ही विकू नका, इथे आमच्या आठवणी आहेत, तर आपण काय म्हणू? आणि दुसऱ्या बाजूला, जी जागा कलेसाठी दिली गेली, जिथे शेकडो माणसांनी हयात घालवली, तिचा मोल फक्त चौरस फुटात करायचा का? घेणारा हक्काने घेतो, देणाऱ्याचा हेतू मात्र कागदाबाहेर राहतो. महाराजांच्या अटीवरून पुढे एवढे वाद झाले, ते याच्यामुळे.

आम्ही या सगळ्याकडे पाहिले तेव्हा आम्हाला तीन वास्तू दिसल्या आणि त्यांची तीन नशिबे.

पहिली प्रभातची, पुण्याची. ती कंपनीही बुडाली, तो स्टुडिओही विकला गेला. पण १९६० साली भारत सरकारने तिथे चित्रपट शिकवणारी संस्था काढली. १९७४ साली दूरदर्शनच्या माणसांना शिकवायचे कामही दिल्लीहून तिथेच आले. म्हणजे मुक्या चित्रपटातून आलेल्या कोल्हापूरकरांनी बांधलेल्या वास्तूत टीव्हीवाले तयार झाले. ती वास्तू आज उभी आहे, पोरे-पोरी तिथे शिकत आहेत.

दुसरी शालिनीची. तिथले काम थांबले, जागेचे भूखंड पडले, घरे उठली. अक्कासाहेबांनी काढलेला स्टुडिओ आता नावापुरता उरला आहे.

तिसरी जयप्रभा. ना पहिलीसारखी कामाला लागलेली, ना दुसरीसारखी पुसलेली.

प्रभातची वास्तू तिच्यात काम चालू राहिले म्हणून वाचली. नुसत्या आठवणींनी भिंत उभी राहात नाही, आणि नुसत्या यादीतल्या नावानेही नाही. गावातली बंद पडलेली शाळा आठवा. पोरे येत होती तोवर गाव तिचे छप्पर शाकारत होते. पट कमी झाला, कुलूप लागले, आणि दोन पावसाळ्यांत कौले गेली. मग कुणी म्हणते, जागा मोक्याची आहे. वास्तूतले काम गेले की लोकांना तिची फक्त जागा दिसते.

काम कोल्हापुरातून संपले आहे असेही नाही. मोरेवाडीच्या माळावर सरकारची कोल्हापूर चित्रनगरी आहे. पुष्कळ वर्षे ती ओस पडली होती. अलीकडे डागडुजी झाली आणि तिथे टीव्ही मालिकांचे चित्रीकरण होऊ लागले. ‘तुझ्यात जीव रंगला’ मधला वाडा तर करवीर तालुक्यातल्या वसगडे गावातला. तो बघायला गाड्या भरभरून माणसे येत. म्हणजे आज पडद्याला आपली खेडी हवी आहेत, आपले वाडे, आपले गोठे, आपली बोली हवी आहे. मग त्यातले चार पैसे, चार कामे आपल्या हाताला लागावीत, हे आपणच बघायला नको का? चित्रीकरण आले तर जेवणाचे काम गटाने मागावे, कपडे, दागिने, भांडीकुंडी भाड्याने देताना कागद करावा, दर आधी ठरवावा.

आणि एक काम मैत्रिणींनो, ते तुम्हीच करू शकता. कोल्हापूरच्या आसपासच्या गावांतून स्टुडिओत कितीतरी बाया कामाला जात असतील. गर्दीच्या प्रसंगात उभ्या राहणाऱ्या, लुगडी धुणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, नट्यांची वेणी घालणाऱ्या. त्यांची नावे पडद्यावर आली नाहीत. तुमच्या गावात अशी एखादी आजी असेल, नाहीतर तिची लेक, सून असेल. तिच्याजवळ बसा. काय काम होते, मजुरी किती मिळे, घरचे काय म्हणत, विचारा. एका वहीत लिहून ठेवा, मोबाईलवर तिचा आवाज भरून घ्या. तिची परवानगी मात्र आधी घ्या, आणि नाव द्यायचे की नाही ते तिलाच ठरवू द्या.

मालकीचा वारसा कागदावर नोंदतात, त्याला तलाठी असतो, फेरफार असतो. राबलेल्या माणसांच्या वारशाला तलाठी नाही. तानीबाईंचा पैसा, गुलाबबाई-अनसूयाबाईंचे धाडस, रंगूची शाळा, यांची नोंद कुणीतरी केली म्हणून आज आम्ही ती तुम्हाला सांगू शकलो. उरलेल्यांची नोंद तुमच्या वहीत होऊ दे. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि काही हाती लागले तर आम्हाला कळवा. त्या आजीला बोलायचे असेल तर एखाद्या भागात तिलाच बोलवू.

आजच्यापुरते एवढेच. राम राम.